सोडा आणि विसरा

यंत्रांना नांवें देणारे लोक बहुधा कवि नसतात. पण त्यांच्या तोंडून कधीं कधीं जें सहज निसटतें, तें कवीच्या वचनाइतकेंच मनाला चिकटून बसतें. रणगाड्यांचा नाश करण्यासाठीं जीं मार्गदर्शित क्षेपणास्त्रें निघालीं आहेत, त्यांतील नव्या पिढीला सैनिकी परिभाषेंत 'फायर अँड फर्गेट' असें विशेषण लावतात. मराठींत सांगावयाचें तर 'सोडा आणि विसरा'. हें कोणा तत्त्वज्ञाचें वचन नव्हे. त्याचा अर्थ अगदीं साधा आहे: क्षेपणास्त्र एकदां नळींतून सुटलें कीं सोडणाऱ्याचें काम संपलें, पुढची वाट तें आपली आपण शोधतें. पण 'विसरा' हें क्रियापद आज्ञार्थी आहे. ही आज्ञा नेमकी कोणाला उद्देशून आहे, आणि ती पाळण्याचा अधिकार कोणाला आहे व कोणाला नाहीं, एवढ्याच प्रश्नाचा विचार मला येथें करावयाचा आहे.

हें विसरणें शक्य कसें झालें, तें आधीं पाहिलें पाहिजे. १९१६ च्या सप्टेंबरांत फ्रान्समध्यें, सोमच्या रणभूमीवर, रणगाडा प्रथम अवतरला. तेव्हांपासून पायदळाच्या शिपायापुढें एकच प्रश्न उभा आहे: या चालत्या किल्ल्यापुढें मीं काय करावें? त्याला खंदक, सुरुंग, जीपवर बसवलेली तोफ, अशीं अनेक उत्तरें देऊन झालीं. १९६५ च्या सप्टेंबरांत खेमकरणच्या आघाडीवर अब्दुल हमीद यांनीं पॅटन रणगाड्यांना तोंड दिलें तें अशाच जीपवरच्या तोफेनें. आणि त्यासाठीं त्यांना शत्रूच्या इतकें जवळ जावें लागलें कीं अखेर त्यांतच त्यांचा प्राण गेला. बरें, दूर राहून नेम साधावा, तर गोळा एकदां सुटल्यावर आपल्या हातीं राहत नाहीं, आणि रणगाडा कांहीं आपल्यासाठीं एका जागीं थांबून राहत नाहीं.

या अडचणींतून तार निघाली. तारेनें चालवावयाच्या क्षेपणास्त्रांत रशियनांचें 'माल्युत्का' हें फार गाजलें. या रशियन शब्दाचा अर्थ 'तान्हुलें' असा कांहींसा होतो. शस्त्रांना लाडकीं नांवें ठेवण्याची खोड सर्व देशांत सारखीच दिसते. हें तान्हुलें मात्र नाळ न तोडतांच उडे. त्याच्यामागें एक बारीक तार उलगडत जाई. तिचें दुसरें टोक शिपायाच्या पुढ्यांतील पेटीला जोडलेलें असे, आणि पेटीवरची लहानशी दांडी डावीकडे, उजवीकडे, वर, खालीं हलवून तो त्या उडत्या ठिणगीला लक्ष्याकडे नेई. तीन किलोमीटरवरच्या रणगाड्यापर्यंत पोंचावयास तिला सुमारें पंचवीस सेकंद लागत. तेवढा वेळ शिपायानें डोळा हलवावयाचा नाहीं आणि हात थरथरूं द्यावयाचा नाहीं.

६ ऑक्टोबर १९७३ रोजीं इजिप्तचें सैन्य सुएझचा कालवा ओलांडून गेलें, तेव्हां त्याच्या पायदळानें हीं तान्हुलीं आपल्या खांद्यांवरून पलीकडे नेलीं होतीं. पहिल्या दोन-तीन दिवसांत इस्रायलचे जे रणगाडे पायदळाची जोड न घेतां त्यांच्यावर चालून गेले, त्यांची भयंकर हानि झाली. रणगाड्यांचें युग संपलें, असें त्या वेळीं कित्येक जाणत्यांनीं लिहून टाकलें. (तें संपलें नाहीं, जाणत्यांचीं भाकितें हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) पण लवकरच रणगाड्यांतील लोकांना एक गोष्ट उमगली. समोर कोठें तरी धुराचा लोळ उठला कीं त्या रोखानें सर्व बंदुका चालवावयाच्या, धूळ उडवावयाची, गाडी आडवीतिडवी पळवावयाची. कारण येणारें अस्त्र जरी लोखंडाचें असलें, तरी त्याला आणणारा माणूस होता. तो दचकला, त्याच्या डोळ्यांत धूळ गेली, भीतीनें त्याचें बोट आंखडलें, तर तें भरकटून वाळूंत शिरे. रणगाड्यांतील माणसें वांचत तीं, सोडणारा माणूस होता म्हणून.

त्या तारेंतून केवळ विजेचे संकेत जात नव्हते, असें मला फार दिवस वाटत आलें आहे. पंचवीस सेकंद मारणारा आणि मरणारे एका धाग्यानें बांधलेले असत. शेवटच्या क्षणापर्यंत ती कृति त्याची असे. मनांत आणलें तर दांडी फिरवून तो ती परत घेऊं शकत होता. तसें फारसें कोणी केलें नसेल. पण करतां येणें आणि न करणें यांतच तर जबाबदारी या शब्दाला जागा मिळते.

नव्या अस्त्रांत ती तार नाहीं. अमेरिकेच्या सैन्यांत १९९६ सालीं दाखल झालेलें 'जॅव्हलिन' घ्या. नळी आणि नेम धरण्याचें यंत्र मिळून सुमारें बावीस किलो वजन. एका माणसाच्या खांद्यावर मावतें. रणगाड्याची उष्णता त्या यंत्राच्या पडद्यावर उजळ आकृतीच्या रूपानें दिसते. शिपाई त्या आकृतीभोंवतीं एक चौकट बसवतो. अस्त्राच्या नाकांतला डोळा ती आकृति लक्षांत ठेवतो. मग कळ दाबावयाची. अस्त्र प्रथम हलकेच नळीबाहेर फेंकलें जातें, कांहीं अंतरावर गेल्यावर त्याचा मुख्य अग्नि पेटतो, तें उंच चढतें आणि रणगाड्याचें कवच जेथें सर्वांत पातळ त्या टपावर वरून कोसळतें. शिपाई तोंवर उठून दुसरीकडे गेलेला असतो. आपल्या देशांतील 'नाग' याच कुळांतला. १९८३ सालीं आंखलेल्या क्षेपणास्त्र-योजनेंतून तो निघाला. येथें लक्षांत ठेवण्याचें काम अस्त्राकडे आणि विसरण्याचें काम माणसाकडे, अशी वांटणी झाली आहे.

माझा एक भाचा पायदळांत अधिकारी होता. आतां निवृत्त होऊन आमच्या शेजारींच राहतो. नोकरींत असतांना त्यानें 'मिलान' जातीचीं क्षेपणास्त्रें सरावाच्या मैदानावर उडवलीं आहेत. युद्धांत उडवण्याची वेळ त्याच्यावर आली नाहीं. मिलान हें फ्रान्स आणि जर्मनी यांनीं मिळून काढलेलें आणि हैदराबादच्या भारत डायनॅमिक्स या सरकारी कारखान्यानें परवान्यानें बनवलेलें अस्त्र. तेंहि तारेचेंच, पण एक पायरी पुढचें. त्यांत दांडी हलवावी लागत नाहीं. दुर्बिणींतली फुली रणगाड्यावर धरून ठेवली म्हणजे बाकीचें यंत्र पाहून घेतें. एका रात्रीं जेवणें झाल्यावर मीं त्याच्यापुढें माझा हा तारेचा सिद्धान्त मोठ्या उत्साहानें मांडला. तार होती तोंवर मारण्यांत कांहीं तरी माणुसकी शिल्लक होती, आतां तीहि गेली, असें बरेंच कांहीं मी बोललों.

त्यानें सर्व ऐकून घेतलें. मग म्हणाला, "मामा, दोन किलोमीटर जायला मिलानला साडेबारा सेकंद लागतात. साडेबारा सेकंद म्हणजे किती, ठाऊक आहे का तुम्हांला?"

मीं कांहीं उत्तर देण्यापूर्वींच त्यानें मनगटावरचें घड्याळ काढून टेबलावर ठेवलें. "त्या समोरच्या खिडकीच्या कडीकडे बघा. पापणी लवूं द्यायची नाहीं, मान हलूं द्यायची नाहीं. मी वेळ मोजतों."

मी पाहूं लागलों. चार सेकंद झाले असतील-नसतील, तोंच त्यानें माझ्या कानाशेजारीं स्टीलचें ताट फरशीवर आपटलें. माझी मान कोठें गेली आणि कडी कोठें राहिली, हें सांगावयास नकोच. स्वयंपाकघरांतून सौभाग्यवती धांवत बाहेर आल्या.

"आतां असें समजा," तो शांतपणें म्हणाला, "कीं तें ताट नव्हतें, आणि तुमच्या शेजारीं पडून असलेला तुमचा जोडीदार आतां उठणार नाहीं. तरी फुली कडीवरच राहिली पाहिजे. ज्या पोरांना मीं हें शिकवलें, त्यांना उद्यां कोणी सांगितलें, सोडा आणि पळा, तर मी त्यांना काय म्हणूं? थांबा, आपल्याला माणुसकी राखायची आहे?"

याला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें, आणि आजहि नाहीं. त्या साडेबारा सेकंदांत उघड्यावर बसतो तो बहुधा कोणा शेतकऱ्याचा किंवा मजुराचा मुलगा असतो. त्यानें आपलें अंतःकरण जागें ठेवावें म्हणून गोळ्या अंगावर घ्याव्यात, ही अपेक्षा घरांत पंख्याखालीं बसून करणें म्हणजे दुसऱ्याच्या खिशांतून दानधर्म करण्यासारखें आहे. शिवाय ज्याच्या गांवांत परकी रणगाडे शिरले आहेत, त्याला 'तुझें शस्त्र फार सोयीचें आहे' म्हणून दोष देणारे आम्ही कोण? हाताला विसरण्याची मुभा मिळाली, तर ती त्या हाताला लखलाभ असो. एवढें मी भाच्याला त्याच रात्रीं कबूल केलें.

पण हात विसरला म्हणून घडलेली गोष्ट नाहींशी होते काय? स्मरणाचें ओझें एकाच्या खांद्यावरून उतरलें, तर तें दुसऱ्या कोणाच्या तरी खांद्यावर चढलें पाहिजे. तें कोठें गेलें, हा शोध घेऊं लागलों तेव्हां मला एक जुनी हकीकत आठवली. तींत क्षेपणास्त्र नाहीं, रणगाडाच रणगाड्याशीं लढला आहे. पण न विसरणें म्हणजे काय, तें तिच्याइतकें स्पष्ट मला दुसरीकडे दिसलेलें नाहीं.

१६ डिसेंबर १९७१. शकरगडच्या बाजूला, बसंतर नदीच्या कांठीं, पूना हॉर्स या पथकांतला एकवीस वर्षांचा सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल आपल्या सेंच्युरियन रणगाड्यांतून शत्रूच्या रणगाड्यांशीं झुंजत होता. त्याचा जन्म पुण्याचा. त्याच्या रणगाड्यास आग लागली. गाडी सोडून मागें ये, असा हुकूम झाला. तोफ अजून चालते आहे, म्हणून मी गाडी सोडणार नाहीं, अशा अर्थाचें उत्तर त्यानें पाठवलें. त्यानंतर झालेल्या माऱ्यांत तो पडला. त्याला मरणोत्तर परमवीरचक्र मिळालें, हें सर्वांस ठाऊक आहे. त्यापुढची गोष्ट तीस वर्षांनंतरची. २००१ सालीं त्याचे वडील, निवृत्त ब्रिगेडियर एम. एल. खेतरपाल, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षीं आपलें जन्मगांव सरगोधा पाहावयास पाकिस्तानांत गेले. लाहोरला त्यांचा पाहुणचार केला ब्रिगेडियर ख्वाजा मुहम्मद नासर यांनीं. घरच्या माणसासारखें त्यांचें सर्व केलें, आणि मग एके रात्रीं नासर यांनीं त्यांना सांगितलें कीं त्या दिवशीं बसंतरच्या कांठीं समोरच्या रणगाड्यांत मी होतों; तुमचा मुलगा माझ्या हातून गेला.

तीस वर्षें हा मनुष्य तें विसरला नव्हता. तो सैनिक होता, त्यानें हुकूम पाळला होता, समोरच्यानेंहि त्याला सोडलें नसतें. कोणत्याहि न्यायासनासमोर त्याला कबुलीजबाब द्यावयाचा नव्हता. तरी त्यानें तो दिला, आणि दिला तो ज्याला देणें सर्वांत कठीण त्याला. बापाला त्यामुळें काय मिळालें, हें आपण बाहेरच्यांनीं ठरवूं नये. पण एक निश्चित: आपला मुलगा कोणाच्या तरी आठवणींत आहे, आणि ज्याच्या हातून तो गेला त्याला त्याची किंमत ठाऊक आहे, एवढें त्यांस कळलें. आतां कल्पना करा, त्या जागीं चौकटींतली एक उजळ आकृति असती, आणि सोडणारा कळ दाबून दुसऱ्या खंदकाकडे धांवला असता. त्यानें कोणत्या बापाला काय सांगितलें असतें? सांगण्यासारखें त्याच्यापाशीं कांहीं उरलेंच नसतें.

आमच्या पूर्वजांना अस्त्रांविषयीं कांहीं कळत होतें कीं नाहीं, या वादांत मी पडत नाहीं. पण अस्त्र सोडणाऱ्याविषयीं त्यांना पुष्कळच कळत होतें. सौप्तिकपर्वांतला प्रसंग पाहा. झोपलेल्यांची कत्तल करून पळालेला अश्वत्थामा गवताची एक काडी मंत्रून अस्त्र सोडतो. अर्जुन उलट अस्त्र सोडतो. व्यास आणि नारद मध्यें येऊन उभे राहतात आणि दोघांनाहि तीं आवरावयास सांगतात. अर्जुन आपलें अस्त्र परत घेतो. अश्वत्थाम्याला तें घेतां येत नाहीं. सोडण्याची विद्या त्याला होती, आवरण्याची नव्हती. म्हणून तें अस्त्र तो पांडवस्त्रियांच्या गर्भांवर वळवतो. मला विशेष वाटतें तें पुढच्या शिक्षेचें. त्याला मृत्यूची शिक्षा होत नाहीं. तीन हजार वर्षें एकट्यानें, जखमा घेऊन, भटकत राहा, असा कृष्णाचा शाप होतो. कपाळावरच्या जखमेसाठीं तो अजून दारोदार तेल मागत फिरतो, असें आमच्या लहानपणीं आजी सांगत असे, आणि तिन्हीसांजेला दारीं कोणी अनोळखी आला कीं आम्ही त्याच्या कपाळाकडे बघत असूं. ज्याला सोडलेलें परत घेतां आलें नाहीं, त्याला विसरूं द्यावयाचें नाहीं, असा त्या शापाचा मीं अर्थ घेतों.

कोणी म्हणेल कीं हें पुराण झालें. यंत्राला आवरण्याची विद्या कोठून येणार? पण गंमत अशी कीं यंत्रविद्येनें तीहि काढली आहे. इस्रायलमध्यें बनणाऱ्या 'स्पाइक' या क्षेपणास्त्राच्या कांहीं प्रकारांमागें कांचेचा एक केसासारखा तंतु उलगडत जातो. अस्त्राच्या डोळ्याला जें दिसतें तें त्या तंतूंतून सोडणाऱ्याच्या पडद्यावर येतें, आणि वाटेंत लक्ष्य चुकीचें वाटलें तर तो तें दुसरीकडे वळवूं शकतो. तोच शिपाई हवें तर सोडून निघून जाऊं शकतो, किंवा आडोशाला बसून शेवटपर्यंत पाहूं शकतो. हा तंतु कांहीं दयेपोटीं जोडलेला नाहीं. नेम अधिक अचूक व्हावा म्हणून जोडलेला आहे. तरी त्यावरून एवढें सिद्ध होतें कीं विसरणें ही यंत्राची अपरिहार्य अट नव्हे. धागा ठेवावयाचा कीं नाहीं, हें माणसें ठरवतात. आणि तीं माणसें खंदकांत नसतात.

येथें मला माझ्याविषयींच बोललें पाहिजे. २०२२ च्या फेब्रुवारींत रशियाचें सैन्य युक्रेनमध्यें शिरलें, आणि थोड्याच आठवड्यांत जॅव्हलिन हें नांव घरोघरीं झालें. हातांत जॅव्हलिन धरलेल्या एका पवित्र मातेचें चित्र निघालें आणि त्याच्या विक्रींतून युद्धग्रस्तांसाठीं पैसा उभा राहिला. ज्यांच्या अंगणांत रणगाडे शिरले, त्यांनीं त्या अस्त्राची मूर्ति करून पुजली तरी त्यांत मला वावगें वाटत नाहीं. पण माझ्या अंगणांत रणगाडा नव्हता. मी संध्याकाळीं चहाचा पेला घेऊन मोबाइलवर तीं चित्रें पाहत होतों. रशियन टी-७२ रणगाड्यांत तीन माणसें बसतात, आणि त्यांच्या पायांखालीं तोफेचा दारूगोळा वर्तुळाकार रचलेला असतो. त्याला आग पोंचली कीं वरचा बुरूज डब्याच्या झांकणासारखा उडतो. त्या दृश्याला कोणी संगीताची साथ दिलेली असे. मीं तें पाहिलें, पुन्हां लावून पाहिलें, आणि शेजाऱ्यास पाठवलें. मला आनंद झाला होता. ज्या पक्षाचा जय व्हावा असें मला वाटत होतें त्याचा जय होत होता, आणि न्याय त्याच्या बाजूला आहे असें मला आजहि वाटतें. तरी सोडणाऱ्या शिपायाला जी मुभा त्याच्या जिवासाठीं मिळाली होती, ती मीं चहाबरोबर फुकट घेतली होती. त्याला पळावयाचें होतें. मला कोठें जावयाचें होतें?

आणि मी जर कोणी सेनापति किंवा मंत्री असतों, तर हिशेब याहून वेगळा झाला असता असें नाहीं. अस्त्रें विकत घ्यावयाचीं कीं नाहीं, कोणावर रोखावयाचीं, युद्ध केव्हां पुरे म्हणावयाचें, हें जे ठरवतात त्यांना आमचेंच मत निवडून देतें, आमचाच कर पोसतो. 'विसरा' ही आज्ञा खंदकांतल्या शिपायासाठीं होती; वाटेंत ती आम्हां सर्वांच्या कानीं पडली, आणि आम्हीं ती मोठ्या आज्ञाधारकपणें पाळली.

गेल्या दिवाळीच्या सुटींत नातवाला घेऊन अहिल्यानगरास, म्हणजे पूर्वींच्या अहमदनगरास, रणगाड्यांचें संग्रहालय पाहावयास गेलों होतों. १९९४ सालीं सुरू झालेलें हें संग्रहालय. उघड्या मैदानांत निरनिराळ्या देशांचे आणि निरनिराळ्या युद्धांचे रणगाडे मांडून ठेवले आहेत. मुलगा आठ वर्षांचा. प्रथम तो तोफांच्या लांबीवर खूष होता. मग एकाएकीं एका रणगाड्यापाशीं थांबला आणि वर, झांकणाकडे पाहूं लागला.

"आजोबा, आग लागली तर आंतल्या माणसांनीं येथूनच बाहेर यायचें?"

"हो."

"सगळ्यांनीं? आंत किती माणसें असतात?"

तो सेंच्युरियन होता. "चार," मीं सांगितलें.

त्यानें त्या गाडीच्या पोलादाला हात लावला, मग शेजारच्या गाडीकडे गेला. तिच्यांत किती, असें त्यानें विचारलें नाहीं. सगळ्यांत चारच असतात अशी त्याची समजूत झाली असावी, आणि मीं ती दुरुस्त केली नाहीं. चार, आठ, बारा, असें मोजत तो ओळीच्या दुसऱ्या टोंकाकडे चालूं लागला, आणि मी त्याच्या मागें गेलों.